दोराला टोक असतंच

५ ऑगस्ट २००९, नारळी पौर्णिमा
आजपासून रोजनिशी. नियम दोन: रोज लिहायचं आणि खोटं लिहायचं नाही.
सकाळी दर्याला नारळ दिला. बाबांनी होडीची पूजा केली, आणि नव्या दोराचीही. निळाशार, अंगठ्याएवढा जाड, वादळासाठी घेतलेला. एरवी होडी जुन्या आखूड दोरावर नांगरतात. वारा सुटला की हा लांब दोर जोडायचा. दोन वर्षं बाबा त्याच्यासाठी पैसे साठवत होते. हळदकुंकू लावून मांगरात, घरामागच्या खोपीत, खुंटीला टांगला. आये म्हणाली, गरजच लागू नये रे म्हाराजा.
माझाही संकल्प: धाकट्या बहिणीला, वर्षालीला, चिअरलीडिंगला घालायचं. ती दहावीत आहे, गणित कच्चं. कुडाळला विकी सरांनी क्लास काढलाय. क्रिकेटच्या मॅचमध्ये दाखवतात ते हे नव्हे. हा स्पोर्ट आहे, कपडे पूर्ण. स्पर्धा, सर्टिफिकेट, दहावीला खेळाचे गुण, पुढे नोकरीत स्पोर्ट्स कोटा. खर्च नगण्य. (सरांचा शब्द.)

६ ऑगस्ट
घरी विषय काढला. आयेनं विचारलं, गो बाय, ह्यो खेळ आसा की तमासो? समजावलं. बाबा एवढंच म्हणाले, तू शिकलेला आसस, तुका कळता.
या घरातून शाळेत गेलेली मी पहिली. त्यामुळे एसटीच्या वेळेपासून आयेच्या गुडघ्याच्या गोळीपर्यंत सगळं माझ्यावर. जबाबदारीनं झोप लागत नाही.
वर्षालीला विचारायचं राहिलं.
दुरुस्ती (नियम दोन): विचारलं होतं. ताई, माका उंचावर भिया वाटता, म्हणाली. पण ते सगळ्यांनाच वाटतं.

१६ ऑगस्ट
पहिला क्लास. आठ मुली. वर्षाली सर्वांत हलकी, म्हणून सरांनी तिला फ्लायर केलं. खालच्या मुली तिला वर उडवणार. म्हणजे पहिल्याच दिवशी प्रमोशन. फी माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पगारातून भरली. पावती मागितली. सर म्हणाले, पावतीबुक छापायला टाकलंय.
खेळाच्या गुणांचं विचारलं. प्रोसेसमध्ये आहे म्हणाले. समाधान वाटलं.

२३ ऑगस्ट, गणेशचतुर्थी
बाबांना गाऱ्हाण्यात वर्षालीचं नाव घ्यायला सांगितलं होतं. त्यांनी गणपतीसमोर हात जोडले, होडीचं, जाळ्याचं, सगळं सांगून झालं, आणि मग अडखळले. चिअरलीडिंग शब्द काही येईना. शेवटी म्हणाले, आणि ह्या माझ्या चेडवाक ज्यो काय उड्यो मारूच्यो आसत, त्यो सरळ मारून दी रे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. वर्षाली म्हणाली नाही.

१३ सप्टेंबर
बूट. शाळेचे चालत नाहीत, तळ मऊ लागतो. शिवाय ड्रेस, केसांची चकाकती रिबीन, आणि गादीचं भाडं. (पडायची गादी.) माझा पगार संपला, म्हणून आये टोपलीतली चांगली मासळी घरी ठेवत नाही, सगळी बाजारात विकते. सुरमई काय, बांगडासुद्धा बंद. रोज स्वस्तातली तारली. तारली तब्येतीला उत्तम, मी मासिकात वाचलंय. म्हणजे चिअरलीडिंगमुळे आहार सुधारला.
शेजारच्या राधाबाई कुंपणावरून म्हणाल्या, गो नम्रता, चेडू वर उडता ता बरा, पण पैसो पण उडता मां गो? मी हसले. उत्तर उद्या देईन.

२८ सप्टेंबर, दसरा
सर म्हणाले, हातात पॉमपॉम लागतात. झिरमिळ्यांचे गोंडे. मुंबईहून येतात. किंमत ऐकून मी खाली बसले.
दुपारी बाबांनी हत्यारांबरोबर तो निळा दोरही पुजेला काढला. त्याचं टोक जरा विस्कटलं होतं. उन्हात तंतू अगदी टीव्हीतल्यासारखे चमकत होते.
विचार करते आहे.

२९ सप्टेंबर
दोराला टोक असतंच. ते कापलं तर लगेच दुसरं टोक येतं. म्हणजे नुकसान काही नाही. शिवाय हा दोर वापरात नाही, नुसता टांगलेला.
हातभर कापला. पीळ सोडला, फणीनं विंचरला. अप्रतिम गोंडा. खर्च शून्य!
बाबांना नंतर सांगेन. सरप्राइज.

४ ऑक्टोबर
सरांना फार आवडला. बाकीच्या मुलींच्या आया भोवती जमल्या. एकटीच्या हातात वेगळे गोंडे असणं अन्यायाचं, हे मलाच पटलं. मी म्हटलं, सगळ्यांचे करते. सर म्हणाले, मग वर्षालीची पुढची फी माफ. बघा, प्रामाणिकपणाचं फळ.
आठ मुली, सोळा गोंडे. जुन्या दोराचे करून पाहिले, पण तो उन्हानं पांढरा पडलाय, गोंडा दाढीसारखा दिसतो. तेव्हा नव्याचंच टोक घ्यावं लागेल. थोडं मोठं टोक.

११ ऑक्टोबर
झेरॉक्सचं दुकान बंद झाल्यावर आत बसून गोंडे विंचरते. घरी नेत नाही, सरप्राइज फुटेल. मांगरातलं वेटोळं पूर्वीसारखंच दिसतं. म्हणजे मी आत करवंट्या ठेवल्यात, त्यामुळे दिसतं.
दुरुस्ती: करवंट्या ठेवल्या हे चूक नाही. दोराचा आकार टिकतो.

१८ ऑक्टोबर
वर्षाली पडली. गादीवरच. म्हणजे अर्धी गादीवर. कोपर सुजलंय. रात्री म्हणाली, ताई, तुका इतकी हौस आसा तर तू उड. मी तिला गुणांचं पुन्हा समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. वाढत्या वयात असं होतं.
संकल्प: स्पर्धा होताच नवा दोर घ्यायचा, पहिल्या पगारातून. दुसऱ्या पगारातून. पगार वाढल्यावर.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
रेडिओवर वादळाचा इशारा. सगळ्यांनी होड्या खाडीच्या तोंडाशी आणून नांगरल्या. बाबा मांगरात आले, निळा दोर खांद्यावर टाकला. करवंट्या खाली पडल्या. म्हणाले, ह्यो उंदरांचो खेळ. घाईत होते. मी काही बोलणार होते, पण त्यांना उशीर होत होता. अशा वेळी माणसाला अडवू नये.
दुसऱ्या टोकाला दोर भरपूर होता, मी पाहिलं. हातात बराच दिसला.

११ नोव्हेंबर
वारा. दिवसभर दार उघडता आलं नाही.
होडी गेली. खडपावर आपटून तिचे दोन भाग झाले. बाबा किनाऱ्यावर होते, त्यांना काही झालं नाही. देवाची कृपा.
सत्यवानकाकांची होडी शेजारीच होती. ती राहिली. पण ती जड आहे.

१२ नोव्हेंबर
बाबांनी नांगर काढून आणला. त्याला निळा दोर तसाच होता, तुटला नव्हता. अंगणात उभे राहून दोन्ही हात पसरून वाव मोजले. पुन्हा मोजले. म्हणाले, दोर कमी पडलो. लांब आसतो तर नांगर धरतो. घेताना मी माझ्या हातान मापललंय, मगे कमी कसो?
आये म्हणाली, दुकानदारान फसवल्यान. बाबांनी मान हलवली.
वाऱ्याचा वेग फार होता. पूर्ण दोर असता तरी होडी गेलीच असती. मी भूगोलात पहिली आले होते.

१४ नोव्हेंबर
बाबा मालवणला बाजारात जाऊन दोरवाल्याशी भांडून आले. आयुष्यात पहिल्यांदा. दोरवाल्यानं चार माणसांसमोर म्हटलं, बाबली, तुका मापूक येणा नाय, त्येका मी काय करू? बाबा चालत परत आले. जेवले नाहीत.
आज सांगणार होते. पण ते झोपले. म्हणजे डोळे मिटून होते.
तसे दुकानदार मापात मारतातच. या नाही तर दुसऱ्या कुणाच्या मापात यानं मारलंच असेल. तेव्हा अगदीच अन्याय नाही.

१५ नोव्हेंबर
बाबा उद्यापासून दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. स्वतःच्या होडीची काळजी गेली, हाही एक विचार आहे.
तारलीही बंद. पेज आणि सुकट.
वर्षाली म्हणाली, ताई, आता तरी सोडूया. मी म्हटलं, आता तर सोडताच येणार नाही. इतकं गेलं, ते कशासाठी गेलं मग?

२२ नोव्हेंबर, रविवार
स्पर्धा, कुडाळला. ट्रॉलरला सुट्टी होती. बाबा म्हणाले, मी पण येतंय, चेडवाच्यो उड्यो बघूक. मी म्हटलं, गर्दी असते. ते म्हणाले, आसांदे. धुतलेला शर्ट घातला. आयेनं डब्यात पोहे दिले.
वर्षालीचा ग्रुप आला. सोळा निळे गोंडे एकदम वर गेले. हॉलमध्ये टाळ्या. बाबाही टाळ्या वाजवत होते. मग वाजवायचे थांबले.
मी शेजारी बसले होते. स्टेजकडे बघत होते. फक्त स्टेजकडे.
वर्षालीला वर उडवलं. ती डोळे घट्ट मिटून वर गेली. खाली आली. पडली नाही. गाऱ्हाणं पावलं.
एकूण ग्रुप तीन. आमचा तिसरा. पण तिन्ही ग्रुप पुढच्या फेरीला पात्र! सर्टिफिकेटवर वर्षालीचं नाव वर्षाराणी पडलंय, ते दुरुस्त करायला वेगळी फी आहे. शाळेतले क्रीडाशिक्षक आले होते, त्यांना दाखवलं. म्हणाले, ही संघटना कुठली? गुण नाही मिळणार बाई याला. त्यांना अजून परिपत्रक आलं नसेल.
परतीच्या एसटीत बाबांनी वर्षालीच्या हातातला एक गोंडा मांडीवर घेतला. बोटांनी उलटा-सुलटा केला, नाकाशी नेला. मला काहीच विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. सरप्राइजचं.
मालवणला उतरल्यावर म्हणाले, तुमी घराक जावा. स्वतः बाजाराकडे वळले. मी लांबून पाहिलं. दोरवाल्याच्या दुकानासमोर उभे राहून त्यांनी हात जोडले.

२३ नोव्हेंबर
घरी कुणी रागावलं नाही. आयेनं मला पेज वाढली, वर सुकटही घातली. माझ्याच ताटात जास्त होती. मला वाटतं, त्यांना समजलंय की हेतू चांगला होता.

२९ नोव्हेंबर, रविवार
विकी सरांचा सकाळी फोन. पुढची फेरी कोल्हापूरला. बस, राहणं, जेवण ज्याचं त्याचं. आणि निळे गोंडे चालणार नाहीत, परीक्षकांना लोकल वाटले. रुपेरी लागतील, मुंबईहून. मी कळवते म्हटलं. म्हणजे हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.
वर्षालीनं काल एसटीनं जाऊन सगळ्या मुलींकडून गोंडे परत आणले. एकटीनं, मला न विचारता. आज बाबा अंगणात बसून ते सोडवतायत आणि मांडीवर वळून पुन्हा दोर करतायत. विंचरलेल्या तंतूंना पीळ बसत नाही, वळला की सुटतो. बाबा थुंकी लावून पुन्हा वळतात. वर्षालीनं दुसरं टोक धरलंय, पायाच्या अंगठ्यात. मांडीवर गणिताचं पुस्तक आहे. बाबा तिला विचारत होते, किती हात झालो? ती बरोबर सांगत होती.
राधाबाई आज कुंपणापर्यंत आल्या. नुसत्या बघून गेल्या.
दुपारपर्यंत कपडे वाळत घालण्याएवढा झाला होता. होडीला तो चालणार नाही, आणि होडीही नाही, हे मी सांगणार होते. नाही सांगितलं. पदर खोचून जवळ गेले आणि म्हटलं, बाबा, मी धरू का टोक?
बाबांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, तू रवांदे गो बाय. तू शिकलेला आसस.