उरलेले वीस कुठं गेले?

बजाजनगर, मंगळवार संध्याकाळ.

आज कारखान्याच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि जुनी सुरूच होईना. सगळी ड्रॉइंग्ज तिच्यातच! विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, त्यामुळे पुण्याचा इंजिनिअर येणार नव्हता. ड्रॉइंग्ज गेलीच असं धरून मी अख्खी डिस्क पुसायला निघालो.

ऑपरेटर शेवंता, पाचोडच्या मेंढपाळाची लेक, म्हणाली, "थांबा सर. डिस्क चाळीस एमबीची, ही वीसच दाखवते. उरलेले वीस कुठं गेले? मेंढरं दिसत नाय म्हंजे मेली व्हय?"

डिस्कचे दोन भाग होते; नवी सिस्टीम एकातच बसली होती. तिनं मशीन त्या उरलेल्या वीसच्या भागातून सुरू करायला लावलं. जुनी सिस्टीम जागी झाली, ड्रॉइंग्ज हजर! काय डोकं आहे पोरीचं. उरलेले वीस... मला का नाही सुचलं?

साहेबांनी फोनवर विचारलं, "कुणी केलं?"

शेवंता समोरच उभी होती. तिचं नाव घ्यायला मला एवढा वेळ का लागला?