ढगावरची दुसरी सावली

११ एप्रिल १९४९, सोमवार. कॉल्टर, मोंटाना

पोचलो एकदाचा! साडेतीन वर्षं दुधाची गाडी हाकल्यावर आज पुन्हा विमानाला हात लावला. आमच्या आयोवातल्या गावात सगळ्यांची खात्री झाली होती, की क्लेम हॅव्हर्टी युद्धातून परत आला तो बाटल्या वाटण्यासाठीच. सासरेबुवांनी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. आता घ्या म्हणावं! हाय प्लेन्स एअरलाइन्सचा सहवैमानिक. गणवेश खांद्यात जरा सैल आहे, पण पितळी बटणं अशी चकाकतात की भाड्याच्या खोलीतल्या आरशापुढून हलवेना.

कॅप्टन हार्लन बॅस्कम स्वतः स्टेशनवर घ्यायला आले होते. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, मान उन्हाने लाल झालेली. माझी पेटी मला उचलूच दिली नाही. म्हणाले, "पोरा, तू जर्मनीवर बॉम्ब टाकून आलायस. आमच्या मेंढीवाल्यांना घरी सोडणं तुला जड जाणार नाही. फक्त वारा सांभाळ, इथला वारा सासूसारखा आहे, कधी अंगावर येईल नेम नाही." वाटभर हसत होतो.

रूथॅनला लिहिलंय, जूनपर्यंत दोन खोल्यांचं घर बघतो, मग तू आणि आपली पिंकी या.

१७ एप्रिल, ईस्टर

बॅस्कमांकडे जेवलो. डुकराचं भाजलेलं मांस, रताळी, वर रूबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री. कॅप्टननी पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला. जेवणानंतर ओट्यावर बसलो असताना काय झालं कुणास ठाऊक, रूथॅनलाही न सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगितली. युद्धात आमच्या विमानाचा नॅव्हिगेटर माझ्या मांडीवर गेला ती, आणि त्यानंतर वर्षभर मला त्याचा आवाज ऐकू यायचा तीही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. वडील गेल्यापासून असा हात डोक्यावर पडला नव्हता.

२७ एप्रिल, बुधवार

जसं घडलं तसं लिहितो.

डेन्व्हरहून संध्याकाळचं विमान. प्रवासी चौदा. त्यातले टॉर्नक्विस्ट म्हणून बियाणं विकणारे म्हातारे गृहस्थ चढताना माझ्याशी बोलले, पेपरमिंटची गोळी दिली. डावीकडच्या जागेकडे निघाले होते, कॅप्टननी त्यांना अदबीने उजवीकडच्या एकेरी रांगेत, खिडकीशी बसवलं. इथून देखावा छान दिसतो म्हणाले.

आम्ही उत्तरेला चाललेलो, सूर्य डावीकडे खाली आलेला. त्यामुळे उजवीकडच्या पांढऱ्या ढगांवर आमच्या विमानाची सावली पळत होती. मला अशी सावली बघायला आवडतं. सहाला दहा कमी असताना तिच्या शेजारी दुसरी सावली दिसली. गोल, आमच्यापेक्षा मोठी. मान वर केली.

ते आमच्या उजव्या पंखाच्या टोकापासून शंभर हातांवर होतं. पंख नाहीत, शेपूट नाही, खिडक्या नाहीत. राखाडी, जुन्या जस्ताच्या झाकणासारखं. ऊन त्याच्यावर पडत होतं पण चमकत नव्हतं. आम्ही जेवढ्या वेगाने जात होतो तेवढ्याच वेगाने तेही, जणू दोघांना एका दोरीने बांधलंय. मी कॅप्टनना हाक मारली. त्यांनी बघितलं. शपथेवर सांगतो, बघितलं. ओठ पांढरे पडले आणि म्हणाले, "गप्प बस. विमान सरळ ठेव." मग कानात दडे बसले, सगळं एकदम उजळलं. क्षणभरच. नंतर आभाळ मोकळं.

कॉल्टरला उतरलो तेव्हा प्रवासी तेरा.

टॉर्नक्विस्टांच्या आसनाचा पट्टा लावलेलाच होता, कुणी न सोडता. वर त्यांची टोपी. दार आतून बंद. आमची हवाईसुंदरी लॉर्ना भिंतीला टेकून उभी होती, डोळे फरशीवर. बाकीचे प्रवासी डुलक्या काढून उठल्यासारखे निमूट उतरून गेले.

 कॅप्टननी विमानं ठेवायच्या हँगरमागे नेऊन मला सिगारेट पेटवून दिली. म्हणाले, पेपरवाले उडत्या बशा म्हणून टर उडवतील, म्हणून तोंडी काही नको, लेखी दे. "तुझं अक्षर चांगलंय. तू लिही, तुझ्या सहीखाली माझी सही. मी आहे ना!"

ते आहेत म्हणून हात स्थिर आहे.

३० एप्रिल, शनिवार

चार पानी अहवाल लिहून गुरुवारी सहीसाठी कॅप्टनकडे दिला होता. आज व्यवस्थापक प्रुइट यांनी बोलावलं. बॅस्कम आधीच बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही.

प्रुइटनी विचारलं, कॅप्टन, तुम्ही काय पाहिलंत? ते म्हणाले, सूर्यास्त. खोलीत एकजण हसला.

मी म्हटलं, सांगा ना त्यांना! तुम्ही मला म्हणालात गप्प बस म्हणून. तेव्हा त्यांनी मोठा उसासा सोडला, घरात कुणी गेल्यासारखा, आणि ओट्यावरची माझी गोष्ट सगळ्यांपुढे सांगितली. नॅव्हिगेटर, मांडी, आवाज, सगळी. एक शब्द विसरले नाहीत. "पोरगा गुणी आहे हो. पण युद्धाने डोकं पोखरलंय. चूक माझीच, मी त्याला जपायला हवं होतं."

प्रवाशांची यादी टेबलावर होती. तेरा नावं. नवीन कागद, नवीन शाई. खाली लॉर्नाची सही, बॅस्कमची सही.

नोकरी गेली. बटणांसकट कोट काढून ठेवायला सांगितला. कोट कंपनीचा असतो.

२ मे

टॉर्नक्विस्ट बाईंचा पत्ता शोधून गेलो. कंपनीने त्यांना कळवलंय, की तुमचे यजमान विमानात चढलेच नाहीत. शेजारीण म्हणते डेन्व्हरला दुसरी बाई असेल. बाईंनी कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला. मी सगळं सांगितलं. या घडल्या गोष्टीची साक्ष द्यायला कुठेही येईन म्हणालो. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ते घाबरले होते का हो?"

नाही म्हणालो. मला माहीत नाही.

५ मे

रूथॅनचं पत्र. बॅस्कमने तिला लिहिलंय, चार पानं, वडिलांसारखं. ती म्हणते, एवढा भला माणूस खोटं कशाला बोलेल? म्हणते, आवाजांचं तू मला कधीच सांगितलं नाहीस, क्लेम. सासरे डॉक्टरांशी बोललेत. पत्रासोबत विमानाचं तिकीट, बॅस्कमने पाठवलेलं. रविवार सकाळ, डेन्व्हरमार्गे घर.

मी आगगाडीने जाईन. पुन्हा त्या माणसाच्या विमानात नाही.

६ मे

लॉर्ना औषधाच्या दुकानात भेटली. दोघं काउंटरपाशी उभे, ती समोर बघून बोलत होती, ओठ जेमतेम हलत होते.

म्हणाली, त्याने नेलेले टॉर्नक्विस्ट तिसरे. पहिल्या वेळी उजवीकडे कुणीच नव्हतं, तेव्हा ते विमानाला येऊन चिकटलं, पत्रा कागदासारखा वाजला, सगळे मरणार होते. तेव्हाचा सहवैमानिक काय झालं ते बघायला त्या बाजूच्या खिडकीशी गेला. मग ते निघून गेलं, त्याला घेऊन. तेव्हापासून बॅस्कम माणूस निवडतो. एकट्याने प्रवास करणारा, म्हातारा, ज्याची फार चौकशी होणार नाही असा. प्रत्येक खेपेला येत नाही ते, पण बॅस्कमला आधी कळतं. कसं, ते तिला माहीत नाही.

मी विचारलं, आणि तू? मोजून सही करतेस? ती म्हणाली, "वीस माणसं असतात हो विमानात. तुम्ही काय केलं असतं?"

मग म्हणाली, कंपनीने टॉर्नक्विस्ट बाईंना मुख्य कार्यालयात बोलावलंय. रविवारच्याच विमानाने. जागा बॅस्कमने ठरवलीय.

उजवीकडे.

७ मे

बाईंच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, कंपनीची गाडी येऊन घेऊन गेली, गावातल्या हॉटेलात ठेवलंय. हॉटेलवाला म्हणतो अशा कुणी बाई नाहीत. पोलिसांकडे गेलो. त्यांना माझं नाव आधीच ठाऊक होतं. बस, पाणी पी, म्हणाले.

तिकीट आहे माझ्याकडे. जातो. त्यांना हाताला धरून डावीकडे बसवतो, बस्स.

८ मे, रविवार. विमानात

सकाळचे सव्वासात. मला शेवटी चढवलं. बॅस्कम शिडीपाशी उभा होता. म्हणाला, "घरी जा पोरा, विश्रांती घे." हातही पुढे केला. मी घेतला नाही.

दार लागल्यावर आत वळलो. माणसं सगळी डावीकडे, दोघं दोघं. बाई दिसत नाहीत. शौचालयात असतील. उजवीकडची रांग पूर्ण मोकळी. लॉर्नाने मला तिथे बसवलं, पट्टा तिनेच लावला.

७.४०. शौचालय रिकामं आहे, दार सारखं आपटतंय.

दक्षिणेला चाललोय. सूर्य डावीकडे, सावली माझ्या बाजूला.

लॉर्नाला विचारलं, बाई कुठायत? तिने कॉफीचा कप माझ्या हातात ठेवला. म्हणाली, त्या कधी येणारच नव्हत्या. बहिणीकडे आहेत, सुखरूप. तुम्ही दुसऱ्या कुणासाठी आला नसतात, म्हणून —

रडत होती. तरी कप सांडू दिला नाही.

पट्टा सुटत नाही. आत काहीतरी अडकवलंय — पलीकडच्या माणसाला हाक मारली. त्याने वर्तमानपत्र वर धरलं. लहान मुलगी बघत होती, आईने तिचं तोंड वळवलं. यांना सगळ्यांना सांगितलंय. वेडा आहे, लक्ष देऊ नका —

चाकू नाही. पेन्सिलीने पट्टा —

कानात दडे.

बॅस्कम विमान झुकवतोय. माझ्या बाजूला. हळू, अगदी हळू, कॉफी सांडू नये असं —

ढगावर आता —

खिडकी भरून — राखाडी — त्याला काठ नाहीत, जवळून —

रूथॅन, मी वेडा नव्ह