हिरव्या पेनाची खाडाखोड

दादा,

माझ्या नर्सिंगच्या फॉर्मवर गुपचूप खाडाखोड करायची होती, तर निदान तुझं ऑफिसचं हिरवं पेन तरी वापरायचं नव्हतंस. मी लांबचं कॉलेज पहिलं लिहिलं होतं, कारण त्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. तू कोपऱ्यावरचं वर आणलंस. तिथे चार वर्षं प्लास्टिकच्या पुतळ्याला सुया टोचतात, पण बहीण घरात राहते आणि आबांचं सगळं परस्पर होतं. सोय बरी बघितलीस!

मी नवीन फॉर्म भरलाय. आज शेवटची तारीख आहे, म्हणून स्वतः नेऊन देतेय. तुझ्या साहेबांना फोन करून तुझी आजची रजा सांगितलीय. तुला विचारलं नाही. तू तरी कुठे विचारलं होतंस?

आबांची दर दोन तासांनी कूस बदल, नाहीतर पाठीला जखम होते. भरवताना टेकवून बसव. लघवीची पिशवी वेळेवर रिकामी कर, आणि त्यांच्यासमोर नाक मुरडू नकोस.

'बेडपॅन उचलायला चार वर्षं काय शिकायचं असतं?' असं परवा त्यांच्याच खाटेशी उभं राहून हसत विचारलंस. आबांना बोलता येत नाही, दादा. ऐकू येतं.