खुर्चीवरून उठणारी मुलगी

४ फेब्रुवारी, सोमवार

तरंगते म्हणे! मी हलवलेली पडद्यावरची मुलगी खुर्चीवरून उठत नाही, फुग्यासारखी तरंगते — बाई बोलल्या, सगळ्या खोलीसमोर. आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत शिकाऊ पोरं बाईंच्या हाताखाली. स्वतः ओठसुद्धा न हलवता बोलतात आणि आम्हाला जिवंतपणा शिकवतात! शेजारचा पोपट फिदीफिदी हसला. हाही माझ्यासारखाच शिकाऊ, पण बाई शिंकल्या तरी लिहून घेतो. त्याच्या शॉटमधला म्हातारा काठी टेकत नाही, काठीच म्हाताऱ्याला फरफटत नेते. पण हसणार मला.

माझा परीक्षेचा शॉट साधा: मुलगी बसलीय, दार वाजतं, ती उठून दाराकडे जाते. महिनाअखेर पसंत पडला तर नोकरी. नाही तर बाबांना शब्द दिलाय — मुकाट्याने कॉलेजात परत. बाबा आत्तापासूनच माझ्याशी मऊ आवाजात बोलतात. हरलेल्या माणसाशी बोलावं तसं.

६ फेब्रुवारी

आज बाईंनी भरलेली बादली उचलायला लावली. मग रिकामी. मग रिकामीच, पण भरलेली असल्यासारखी. 'वजन आधी कुठे जातंय ते बघ. हात सगळ्यात शेवटी.' कॉलेज सोडलं ते बादल्या उचलायला! पोपट तर रिकाम्या बादलीखाली कण्हलासुद्धा. नाटक्या मेला.

७ फेब्रुवारी

घरी आरशासमोर खुर्चीवरून उठून बघत होतो. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. आई दारात येऊन उभी. पाठ धरलीय का, शेकायला देऊ का, म्हणे. या घरात कला जगणं कठीण.

११ फेब्रुवारी

ती! पार्श्वभूमी रंगवते — भिंती, झाडं, आभाळ. माझ्या समोरच्या रांगेत बसते. ढगळ सदरे घालते, नटणंमुरडणं नाही. आजवर माझ्याशी बोलली ते एवढंच: 'पंखा जरा कमी करतोस?' पण कसं बोलली! त्यानंतर मी पंख्याला कुणाला हात लावू दिलेला नाही.

आज ती उठताना पाहिली. म्हणजे रोजच पाहतो, पण आज बादलीच्या डोळ्यांनी पाहिली. आधी खुर्चीच्या कडेला सरकते. पाय जरा लांब टेकवते. एक हात टेबलावर, दुसरा मागे कमरेवर. मग उठते — आणि उठल्यावर लगेच चालत नाही! क्षणभर थांबते, श्वास घेते, मग मान वर. राणीने दरबार संपवावा तशी. बाकीच्या पोरी कढईतल्या लाह्यांसारख्या उडतात नुसत्या.

माझी मुलगी अशीच उठणार. ठरलं.

१५ फेब्रुवारी

सगळं पुसून नव्याने मांडलं. आधी सगळं अंग एकदम हलत होतं, दार उघडल्यासारखं. मग मान उशिरा उचलली. हात त्याहून उशिरा सोडवला. कमरेत किंचित बाक दिला. पाऊल टेकल्यावर गुडघा जरासा दबला — आणि पडद्यावरची जमीन एकदम जमीन वाटली! अंगावर काटा आला. बाईंच्या बादलीचं यात काही श्रेय नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

पोपट डोकावला. तुझी पोरगी एवढी सावकाश का रे, म्हणाला. गटाराला नदी संथच वाटायची.

१९ फेब्रुवारी

ती आज माझ्याकडे बघून हसली. किंवा माझ्या मागच्या घड्याळाकडे बघून. पण घड्याळाकडे बघून हसतं कोण!

२८ फेब्रुवारी

दाखवला. सगळा स्टुडिओ जमला होता. मालकसुद्धा — एरवी हजेरीपलीकडे ज्यांना काही दिसत नाही ते. ती मागे भिंतीला टेकून उभी.

शॉट संपला तर कुणी हसेना. बाईंनी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा एकदा. मग म्हणाल्या, "वजन आहे. खरं वजन आहे." पोपटाचं तोंड बघायला हवं होतं, एरंडेल प्यायल्यासारखं!

बाईंनी विचारलं, "कुणाला बघून केलंस?"

माझ्या मनातलं, असं म्हणता आलं असतं. पण महिनोन्‌महिने जे ओठांवर आलं नाही ते सांगायला याहून चांगली वेळ कोणती! सरळ बोट दाखवलं. "तिला."

सगळे वळले. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत तिच्याकडे. हिशेबाच्या खोलीतल्या मावशींनी 'अगंबाई' म्हणून तोंडावर हात ठेवला. बाईंचा चेहरा मात्र एकदम उतरला. घाईघाईने दिवे लावले, सगळ्यांना कामाला पिटाळलं. मला एवढंच म्हणाल्या, "कथेतली मुलगी सोळा वर्षांची आहे रे." वय डोळ्यांत दाखवेन, असं ठणकावून सांगितलं. यांना कौतुकसुद्धा धड करता येत नाही!

ती तोवर निघून गेली होती. लाजली असणार.

१ मार्च

ती आज माझ्या टेबलाशी आली. पहिल्यांदाच. अगदी हळू बोलली.

"पाचवा महिना लागलाय. इथे कुणालाच माहीत नव्हतं. नवं कंत्राट हातात पडलं की सांगणार होते. आत्ता मालकांनी आत बोलावलंय. नवऱ्याला फोन करून आले."

मी उठून पंखा कमी केला. ती गेली.

शॉट पसंत पडला. सोमवारपासून कामावर.