पिवळ्या तारेला झेंडूची माळ

पंचवटी, नाशिक
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००६

तीर्थरूप लताआत्यास,

कुंदनचा दंडवत. तुझे गुडघे बरे असतील, मामांचा खोकला गेला असेल आणि माझ्यावरचा राग तेवढा ठणठणीत असेल, असं धरूनच लिहायला बसलोय. फोनच केला असता. पण इगतपुरीच्या तुमच्या घरात रेंज यायची तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि तुला टाकीवर चढवून वर शिव्या खायच्या, हे काही मला पटेना.

काल तू माझ्यासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरवलास, पोहे झाले, पाहुणे बसले आणि नवरामुलगाच गायब! तुझी मान खाली गेली, कबूल. पण आधी ऐक तर खरं.

इथे एका नव्या इमारतीच्या तळघरात मंगल कार्यालय झालंय. हॉल झकास, पण आत पाऊल टाकलं की मोबाइल मुका. (मुलीचा बाप रेंज शोधत जिन्यात, आणि आचारी मुलीच्या बापाला शोधत जिन्यात.) हे दुरुस्त करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. गच्चीवरची अँटेना लहरी पकडते, पण साध्या वायरीतून एवढं खाली येईपर्यंत लहरींचा जीव निघतो. म्हणून वरच्या डब्यात त्यांचा उजेड करायचा, तो केसाएवढ्या काचेच्या तारेतून खाली सोडायचा, तळघरातल्या डब्यात उजेडाच्या परत लहरी करायच्या आणि छताला लावलेल्या वाटीएवढ्या अँटेनांमधून सगळ्या हॉलभर वाढायच्या. तारा दोन: एक बाहेरचं बोलणं आत आणते, दुसरी आतलं बाहेर नेते. वर पिवळं वेष्टण असतं. सैल वळण तिला चालतं, पण करकचून वाकवली की उजेड वाटेतच सांडतो. (हसू नकोस, मलाही हे एकदम कळलं नव्हतं.)

दसऱ्याला उद्घाटन. मालक सहादूशेठ तळघरातून दुबईच्या भावाला फोन लावणार, आणि तो लागला तर आमचे साहेब माझं नाव कायमच्या नोकरीसाठी धाडणार, असं ठरलेलं. कायम नाही म्हणूनच ना तू शोधलेल्या प्रत्येक मुलीचा बाप चहा पिऊन पसार झाला? म्हणजे माझं लग्नच त्या तारेला टांगलेलं होतं! सकाळी तपासलं तर सगळं खणखणीत. म्हटलं, शेठचा फोन लागला की तडक इगतपुरीची गाडी धरायची. आणि ऐनवेळी घोटाळा झाला. मोबाइलवर रेंजच्या दांड्या पूर्ण, पण फोन काही केल्या लागेना. मी गच्ची ते तळघर जिने झिजवले, डबे उघडले, काळारामाला नारळ बोललो. साहेब सारखे घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात हॉल सजवायला आलेल्या गोजराबाईंची मुलगी चैताली समोर आली. (मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे.) कुणी विचारलं नव्हतं, तरी स्वतःहून म्हणाली, "दसऱ्याला यंत्राला माळ नको का? मीच घातली. घसरत होती, म्हणून तुमची एक पिवळी वायर माळेबरोबर खिळ्याला गच्च आवळली. झेंडूत दिसतपण नाय. चुकलं का माझं?"

चुकलं का म्हणे! आत्या, मी ओरडायला तोंड उघडलं होतं, शप्पथ. पण तिचा चेहरा एवढासा झालेला बघून माझ्या तोंडून निघालं, "माळ छान झालीय." नेमकी तिने आवळलेली तार आतलं बोलणं बाहेर नेणारी. वेढे सोडले आणि दुबईचा भाऊ हॅलो म्हणाला! सहादूशेठने पहिला पेढा डब्याला दाखवला, दुसरा स्वतः खाल्ला. साहेबांनी मात्र पाठीवर थाप मारून सांगितलं, नाव उद्याच धाडतो. मला खरंच रडू आलं गं.

मग चैतालीने विचारलं, उजेडाचं बोलणं होतं कसं? मी समजावत बसलो. इगतपुरीची गाडी कधी गेली, कळलंच नाही. शेवटी गोजराबाई ओरडल्या, "लय झालं आता, टेम्पो थांबलाय!"

मामांना नमस्कार सांग.

तुझाच नालायक,
कुंदन

ता. क. कालच्या मंडळींना माझा नकार कळव. मुलगी लाखात एक, पोरगा वाया गेलाय, असं सांग. त्यांना पटेल.

आणखी ता. क. रविवारी मामांना घेऊन ये. मखमलाबादला गोजराबाईंकडे मागणी घालायला जायचंय. सगळं पत्र त्यासाठीच लिहिलंय. चैतालीला मी निघताना एवढंच म्हणालो, की रविवारी आत्याला मळा दाखवायला आणतो. ती काहीच बोलली नाही. इकडचं तिकडे पोचलं, पण तिकडची तार आवळलेलीच आहे की काय, या धास्तीने जेवण गेलं नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर गोजराबाईंच्या मोबाइलवरून फोन आला. चैताली होती, माळा उतरवायला त्याच तळघरात गेलेली. आवाज अगदी स्वच्छ. विचारत होती, आत्याला भाकरी बाजरीची चालते की ज्वारीची?