जोडीचे पॉइंट

४ नोव्हेंबर

लागलं! बक्षीस लागलं आम्हाला. चहाच्या पुड्याबरोबर मिळालेली चिठ्ठी यांनी दुकानातल्या काचेच्या पेटीत टाकली होती, ती निघाली म्हणे. तळ्याकाठच्या रिसॉर्टमध्ये दोन दिवस राहायचं, खायचं-प्यायचं, सगळं फुकट. अट एकच. तिथे तासभर बसून त्यांच्या सुट्टीच्या मेंबरशिपची माहिती ऐकायची.

"जेवण चांगलं असेल तर दीड तास ऐकू," हे म्हणाले. "घ्यायचं काही नाही!"

लेकीला फोनवर सांगितलं, तर ती लगेच, "आई, ते लोक गळ्यात मारतात हं. बाबांना सही करू देऊ नकोस." बाबांना! छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासून, दुसऱ्यांच्या चुका काढून ज्याने पोट भरलं, त्याला कोण फसवणार?

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्टला वेळ लागेल म्हणाल्या. वाटाण्याएवढी तर आहे. आमच्या घरात आजारपणाचा मान यांचा, छाती उघडून शिवून आलेला माणूस! माझ्या वाटाण्याला कोण विचारतं.

८ नोव्हेंबर

पोचलो. लांबलचक व्हरांडा, लाल गुळगुळीत फरशी, आणि पॉलिशचा वास. तोच! शाळेतल्या आमच्या बोर्डिंगचा. क्षणभर वाटलं, आता सिस्टर कोपऱ्यावरून येतील आणि म्हणतील, "चालायचं, पळायचं नाही."

माणसं फार नाहीत. जवळजवळ सगळी आमच्याच वयाची. जेवणघरात दोघा-दोघांची टेबलं. आमच्या शेजारच्या टेबलावर मोरपंखी शाल घेतलेल्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. पण ताटं दोन, पेले दोन, सूपही दोन्ही वाट्यांत वाढलेलं. मला वाटलं, नवरा हात धुवायला गेला असेल. तो आलाच नाही. वाढपी मुलगा आला आणि रिकाम्या खुर्चीकडे किंचित वाकून म्हणाला, "साहेब, अजून थोडं वाढू?"

बाई म्हणाल्या, "नको, आज भूक नाही त्यांना."

बोर्डिंगात आजारी मुलीचं ताट सिस्टर पालथं घालून ठेवायच्या. जागा तिची, पण जेवण नाही. पालथं ताट बघायची मला सवय आहे. हे ताट उताणं होतं. नको वाटलं ते.

९ नोव्हेंबर, दुपार

तो एक तास झाला. माहिती द्यायला आलेली मुलगी एवढीशी. मी मनातल्या मनात तिचं नाव चिमणी ठेवलं. बोलतेही तशीच, दाणे टिपल्यासारखी.

हिशेब सोपा आहे. इथे आठवडाभर राहायचं तर शंभर पॉइंट लागतात. वर्षातून एक आठवडा धरला तर पाचशे पॉइंट पाच वर्षं पुरतात, हजार दहा वर्षं, अडीच हजार पंचवीस. त्याहून जास्त देत नाहीत. मेंबरशिप जोडीची, दोघांच्या नावाने.

"आणि दोघांतलं एक गेलं तर?" हे यांनीच विचारलं. असल्या प्रश्नांत यांना भारी गोडी. ऑपरेशनच्या आधी सर्जनलाच विचारलं होतं, "तुमचा हात नाही ना थरथरत?"

चिमणी जराही गडबडली नाही. "नाव कमी होत नाही, सर. पॉइंट असेपर्यंत सगळं दोघांचंच. दोन उशा, दोन टॉवेल, दोन ताटं. आमच्याकडची पद्धतच आहे ती, पहिल्यापासूनची."

"म्हणजे मेल्यावरही घोरायची सोय!" हे मोठ्याने हसले. चिमणीही हसली. पण 'तसं नाही हो' असं काही म्हणाली नाही.

शेजारच्या बाईंचं कोडं सुटलं. सुटल्यावर तर जास्तच कसंतरी झालं.

मला पाचशे घ्यावेसे वाटतात. हजारसुद्धा. यांना बोलून दाखवलं नाही.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

हे तळ्याला फेरी मारून आले. मी गेले नाही, हल्ली पटकन दमायला होतं. येताना यांच्या गळ्यात मफलर नव्हता.

म्हणाले, पलीकडच्या काठाला बाक आहे. तिथे एक गृहस्थ बसले होते. तपकिरी स्वेटर, तिसरं बटण निळं. (यांचा डोळा! आधी चूक दिसते, मग माणूस.) यांनी विचारलं, मेंबर का? तर म्हणाले, "बायकोने घेतले. तुमचे किती?"

"अजून घेतले नाहीत."

"थोडेच घ्या. हिने भरपूर घेतले. अजून अकराशे आहेत." मग जरा थांबून, "आठवडा संपला की ती घरी जाते. मी इथेच असतो. पाय फार गार पडतात हो!"

यांनी आपला मफलर काढून, घडी घालून त्यांच्या पायांवर टाकला. 

"बायकोशी पटत नसेल," हे म्हणाले. "नाहीतर डोक्याने जरा इकडेतिकडे."

१० नोव्हेंबर

सकाळी चिमणीने मफलर आणून दिला. "सर, बाकावर राहिला होता." दवाने चिंब. ज्या घड्या यांनी घातल्या असतील, त्या तशाच.

हे काउंटरवर उभे, कसलं बिल नाही ना, नक्की नाही ना, असं विचारत. मी बॅग घेऊन व्हरांड्यात. शालवाल्या बाईंनी हाक मारली, "या ना, चहा घ्या." त्यांच्या टेबलावर दोन कप. माझ्यासाठी तिसरा मागवला! दुसरा कप त्यांचा नव्हताच, माझाही नव्हता.

"किती घेताय?" त्यांनी विचारलं.

"ठरत नाही."

"भरपूर घ्या. मी वीस वर्षांचे घेतले होते. लोक हसले. पहिल्या वर्षी जोडीने आलो. दुसऱ्या वर्षी मी एकटी." बाई छान बोलतात, हळू, रडका सूर मुळीच नाही. "घरी त्यांचं नाव कोणी काढत नाही हो. सुनेने कपाटही रिकामं केलं. मला त्रास होऊ नये म्हणून, चांगल्या मनाने. पण इथे आले की तो मुलगा विचारतो, 'साहेबांच्या चहात साखर दीड चमचाच ना?' त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर थांबते."

माझे डोळे भरून आले. वाटलं, हजार घ्यावेत. दोन हजार घ्यावेत!

मग त्या खुर्चीकडे बघून हसल्या. "स्वेटर तेवढा कपाटात नव्हता, अंगावरच होता ना शेवटी. तपकिरी. एक बटण तुटलेलं. घाईत मी निळं लावून दिलं, तर किती बोलले मला! लोक हसतील म्हणे."

  काय बोलणार मी? तुमच्या यांचे पाय गार पडतात म्हणून?

त्यांचाही निघायचा दिवस आजच होता. उठल्या, शाल सारखी केली, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "येते हं. पुढच्या वर्षी." आणि चालू लागल्या. दुसऱ्या कपाकडे मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. तळाला चहाचा गाळ तेवढा होता.

१० नोव्हेंबर, घरी

गाडीत यांना सांगितलं. हे गाडी कडेला घेऊन थांबले.

"निळं?"

"निळं."

"तिसरं?"

"ते नाही विचारलं."

यांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "मी बोललो गं त्याच्याशी. माझ्यासारखाच होता. नखं वाढलेली होती."

१३ नोव्हेंबर

भांडण. कुजबुजत, कारण शेजारी ऐकतील!

मी म्हटलं, पाचशे तरी घेऊ. हे म्हणाले, शून्य. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही जाल निघून. यांची छाती शिवल्यापासून आमच्यात हे धरूनच चाललंय, आधी हे, मग मी. मागे मी राहणार आहे, मला कोणीतरी विचारायला हवं ना, साहेबांना साखर किती?

"तो मुलगा विचारील," हे म्हणाले, "आणि मी तिकडे गारठत बसेन. आठवड्यासाठी तू येणार, बाकी वर्ष मी आणि तळं! मला नको गं तिथे बसवून ठेवूस. मी गेलो की तू मोकळी हो, मलाही मोकळं कर."

बरोबर आहे त्यांचं. मी रडले आणि मग पोहे... नाही, काहीच केलं नाही, कालचंच गरम करून वाढलं.

१४ नोव्हेंबर

आठवत राहिलं दिवसभर. बोर्डिंगात सत्र संपलं की न्यायला माणसं यायची. फाटकाजवळ एक लाकडी बाक होता. ज्यांचं माणूस आलं नाही, त्यांनी तिथे बसायचं. एका वर्षी बाबांची बस चुकली. सगळ्या गेल्या. मी एकटी, ट्रंकेवर पाय ठेवून. सिस्टर मधून मधून यायच्या, माझी वेणी सोडून पुन्हा घालायच्या, काही काम नव्हतंच त्यांना माझ्याशी. अंधार पडता पडता बाबा आले. धावत. धापा टाकत.

खरं सांगू? ते थांबणं वाईट नव्हतं. माणूस येणार हे पक्कं ठाऊक असलं की थांबणं वाईट नसतं.

१५ नोव्हेंबर

शून्य. ठरलं. चिमणीला मीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. "काही हरकत नाही, मॅडम," म्हणाली. "सरांना सांगा, जागा आहे."

१७ नोव्हेंबर

दवाखान्यातून फोन आला. यांनी उचलला आणि गॅलरीत नेला. काचेतून मला यांची पाठ दिसत होती. बोलणं संपल्यावरही बराच वेळ आत आले नाहीत. कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी मी घातलं होतं.

"काही नाही. उद्या बोलावलंय दोघांना."

१८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई सगळं यांच्याकडे बघून बोलल्या. गाठ माझी! उपचार आहेत म्हणाल्या. 'आहेत' म्हणताना पेपरवेट फिरवत होत्या. मी विचारलं, "पुढच्या वर्षी लेक येणार आहे, तेव्हा—" तर म्हणाल्या, "तिला आधीच बोलावून घ्या ना. छान वाटेल तुम्हाला."

घरी आल्यावर यांनी वाळलेले कपडे काढून घड्या केल्या. लग्नानंतर प्रथमच. माझ्या साडीची घडी करायला जमेना, तशीच छातीशी धरून पलंगावर बसले.

आजारपणाचा मान गेला की हो तुमच्याकडून! असं मी म्हणणार होते. 

२० नोव्हेंबर

"आलोच," म्हणून गेले ते चार तासांनी आले. औषधाच्या दुकानात गर्दी होती म्हणे. हातात औषध नाही. खोटं बोलायला यांना कधीच जमलं नाही, मुद्रणदोष राहतोच.

हे अंघोळीला गेले आणि फोन वाजला. चिमणी!

"अभिनंदन, मॅडम! सर आज ऑफिसात येऊन गेले. अडीच हजार घेतले, जोडीने. सही झाली. दहा दिवसांत दोघांपैकी कोणीही रद्द करू शकतं, म्हणून कळवलं."

अडीच हजार. पंचवीस वर्षं. संपतील तेव्हा हे त्र्याण्णव वर्षांचे असतील. म्हणजे जेवढे मिळतात तेवढे, सगळेच्या सगळे.

ज्याने त्या माणसाचे पाय पाहिले, त्याने! स्वतःसाठी शून्य आणि माझ्यासाठी—

राग आला. यावा तेवढा आला. अंघोळीहून आले तेव्हा यांचे डोळे लाल होते. साबण गेला म्हणाले. मी टॉवेल दिला.

२३ नोव्हेंबर

सकाळी चहा ठेवताना यांनी विचारलं, "तुला साखर किती लागते?"

बेचाळीस वर्षं माझ्या हातचा चहा पितायत. माझ्या कपात किती पडते ते कधी बघितलंच नव्हतं.

"एक," म्हटलं. "सपाट."

पुटपुटत होते नंतर. एक, सपाट. एक, सपाट.

३० नोव्हेंबर

आज रद्द करायचा शेवटचा दिवस होता. चिमणीला फोन केला नाही.

दुपारी जाऊन लोकर आणली. लाल, धुक्यातही तळ्याच्या पलीकडून दिसेल अशी. आधी मोजे घेतलेत विणायला. "माझे का?" हे विचारत होते.

नाहीत हो तुमचे.