माझ्या नावाची श्रद्धांजली

९ मार्च, सोमवार. बाभुळगाव
व्हिसाच्या एजंटबाईंचा फोन. सगळी अकाउंटं उघडी ठेवा, जुनं तपासा, वकिलातीतले लोक नाव टाकून बघतात. दुपारभर स्वतःच्याच मागे. टुकार शायऱ्या, दादाच्या लग्नातला नाच. पुसलं. मग नुसतं नाव टाकलं, अर्चना चव्हाण, बाभुळगाव. पहिलाच फोटो माझा. निळी साडी, दादाचंच लग्न. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'.
आधी हसूच आलं. मग आठवलं, हे तेही बघणार. मेलेल्या बाईला व्हिसा कोण देतं? परदेशातली पीएच.डी.ची जागा जाईल हातची.

१० मार्च
पोस्ट दोन वर्षांपूर्वीची, कुण्या सूरजची. खाली माझी मैत्रीण पल्लवीसुद्धा, हात जोडून. गेले तिच्याकडे.
"अवं, सगळ्याईच्याच खाली टाकनं होते. फोटो कोन पाह्यते?"
त्यानंतर माझ्या वाढदिवसाला केक आणला होता हिनं! मी खाल्लाही.
कुणीतरी विचारलंय, काय झालं होतं? उत्तर: विहिरीत पाय घसरला.
आज वावरात गेले, पण विहिरीकडे नाही.

१२ मार्च
सूरजला मेसेज केला. फोन आला त्याचा. तांड्यावर राहतो. बहीण गेली त्याची, तीही अर्चना चव्हाण. आम्ही कुणबी चव्हाण, ते बंजारा चव्हाण.
"तिचा फोटोच नोता, ताई. आधारवरचा त काळाच. नाव टाकलं त हा आला. दिसाची बी तुमच्यावानीच."
काढून टाक म्हटलं.
"याडीले इचारा." याडी म्हणजे त्याची आई.

१५ मार्च, रविवार
तांड्यावर गेलते. भिंतीवर मी. काच, हार, कपाळावर खरं कुंकू. काचेत माझं तोंड त्या तोंडावर पडलं.
याडी दचकली नाही. "आली का? उन्हाची आली, बस." पाणी दिलं, हातावर गूळ ठेवला. पोस्टचं, व्हिसाचं सांगितलं, तर सूरजला म्हणाली, "काढ लेका. तिले दूर जाचं हाय." त्यानं समोरच काढली. भिंतीवरचा मागायला तोंड उघडेना. भीती वाटत होती, पळावंसं वाटत होतं, अन् मायाही येत होती.
दारात म्हणाली, "ह्या खेपीले तरी पोचल्यावर फोन करजो."

१७ मार्च
नाव टाकून पाहिलं. काही नाही. एजंटबाई खूश. सोमवारी मुलाखत, मुंबईला. निळी साडी नेते का, आईनं विचारलं. नको म्हटलं.
दिवेलागणीला अनोळखी नंबर. याडी. "दिवा लावला तुह्यापुढं. कवा निंघतं?"
रविवारी, म्हटलं.
"सांभाळून. पान्याच्या जवळ जाऊ नोको."
"हो, याडी." निघूनच गेलं तोंडातून.
स्वयंपाकघरातून आई, "कोनाशी बोलून राह्यली वं?"
आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही.